रसदीचा वैमानिक

(वाचनालयाच्या वार्षिक स्मृतिव्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



ज्यांच्या स्मरणार्थ आज आपण येथे जमलो आहोत ते अण्णा माझे वडील होते, ही गोष्ट मी आरंभीच सांगते. कारण मुलगी वडिलांविषयी बोलू लागली म्हणजे तिच्या बोलण्यात पक्षपात येणार हे श्रोत्यांनी मनाशी धरलेलेच असते, आणि ते धरूनच त्यांनी पुढचे ऐकावे हे न्यायाचे आहे. तथापि कार्यकारी मंडळाने सोपवलेली ही कामगिरी मी केवळ कन्या या नात्याने पत्करलेली नाही. मी हयातभर इतिहास शिकवला; आणि ज्याच्या श्रमावाचून एकही मोहीम तडीस गेली नसती, परंतु ज्याचे नाव विजयाच्या बखरीत क्वचितच येते, असा एक मोठा वर्ग आपल्या लष्करी इतिहासात आहे, हे मला वर्गात शिकवताना जेवढे उमगले त्याहून अधिक घरात, अण्णांच्या सहवासात उमगले. अण्णा वायुदलात वैमानिक होते, आणि आपल्या संपूर्ण सेवाकाळात त्यांनी शत्रूवर एकही गोळी झाडली नाही. तांदूळ, मीठ, रॉकेल, औषधे, टपाल, जिवंत बकऱ्या, आजारी जवान आणि कधी कधी शवपेट्या, ही त्यांच्या विमानातली भरती. त्या भरतीविषयी आणि ती वाहून नेणाऱ्या माणसाविषयी मी आज बोलणार आहे.

वैमानिक म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे लढाऊ विमान उभे राहते, आणि त्यात अनुचित असे काही नाही. १४ डिसेंबर १९७१ रोजी श्रीनगरच्या आकाशात आपल्या नॅट विमानानिशी शत्रूच्या सहा सेबर विमानांशी एकाकी झुंज घेऊन प्राणार्पण करणारे निर्मलजित सिंग सेखों हे वायुदलातील परमवीरचक्राचे आजवरचे एकमेव मानकरी. त्यांचे नाव शाळकरी मुलांनाही ठाऊक असावे. मुळगावकर, टिपणीस, नाईक आणि चौधरी हे चार मराठी अधिकारी वायुदलाच्या सर्वोच्च पदापर्यंत पोहोचले, आणि चौघेही लढाऊ विमानांचे वैमानिक होते. त्यांच्या कर्तृत्वाविषयी मला अपार आदर आहे. परंतु ज्या समाजाच्या स्मृतीत पानिपत आहे, त्या समाजाने तरी रसदीचे मोल विसरता कामा नये. १४ जानेवारी १७६१ चा दिवस उजाडण्यापूर्वीच भाऊसाहेबांची फौज अर्धी हरलेली होती, कारण ती उपाशी होती. डिसेंबरात गोविंदपंत बुंदेले मारले गेले, दोआबाकडून धान्य आणि पैसा येण्याची आशा मावळली, जनावरे आधी मेली, माणसे नंतर खंगली. आणि अखेरीस सैन्याने मैदानात उतरण्याचा निर्णय घेतला तो, तळावर अन्नावाचून मरण्यापेक्षा लढता लढता मरणे बरे, या विचाराने घेतला. पानिपतावरील शौर्याची वर्णने आपल्याकडे विपुल आहेत. दोआबातून निघालेल्या आणि न पोहोचलेल्या बैलांविषयी मात्र आपण फारसे बोलत नाही.

स्वतंत्र भारताच्या पहिल्याच युद्धात हा प्रसंग पुन्हा उभा राहिला होता आणि तो टळला, तो डकोटा नावाच्या विमानामुळे. २७ ऑक्टोबर १९४७ च्या पहाटे दिल्लीहून निघालेल्या डकोटांनी लेफ्टनंट कर्नल दिवाण रणजित राय यांच्या हाताखालील शीख पलटणीची पहिली तुकडी श्रीनगरच्या धावपट्टीवर उतरवली. त्या कामात वायुदलाच्या विमानांच्या बरोबरीने मुलकी कंपन्यांची विमाने आणि त्यांचे वैमानिकही होते, हे मुद्दाम ध्यानात ठेवण्यासारखे आहे. पुढे पूंछ शहराला वेढा पडला आणि आत सैन्यासह हजारो निर्वासित अडकले, तेव्हा तेथल्या लोकांनी आणि जवानांनी मिळून एक कच्ची धावपट्टी तयार केली, व एअर कमोडोर मेहर सिंग यांनी तिच्यावर डकोटा उतरवून दाखवला. येताना धान्य आणि दारूगोळा, जाताना जखमी, स्त्रिया व मुले, असा त्या विमानांचा शिरस्ता पडला. आणि २४ मे १९४८ रोजी त्याच मेहर सिंगांनी जनरल थिमय्यांना बरोबर घेऊन झोजी ला आणि फोटू ला ओलांडून लेहच्या वाळवंटी पठारावर विमान उतरवले. जी धावपट्टी त्यांच्यासाठी सोनम नोरबू या लडाखी अभियंत्याने गावकऱ्यांच्या मदतीने आखली होती, ती समुद्रसपाटीपासून ११ हजार फुटांच्या आसपास होती. डकोटात प्रवासी कक्षाचा दाब राखण्याची सोय नव्हती, पंखांवर साचणारे बर्फ काढण्याची सोय नव्हती, आणि त्या वाटेचा भरवशाचा नकाशाही नव्हता. लेह वाचले ते या उड्डाणामुळे. मेहर सिंगांना महावीरचक्र मिळाले. पण त्यांच्या मागून महिनोन्‌महिने त्याच वाटेने पोती घेऊन गेलेल्या बाकीच्या वैमानिकांची नावे मला कोणत्याही पाठ्यपुस्तकात आढळली नाहीत.

अण्णा या मोहिमेत नव्हते. त्यांचा जन्म १९२७ चा, सातारा जिल्ह्यातला; वडील मामलेदार कचेरीत कारकून, घरात लष्कराची परंपरा मुळीच नाही. महाविद्यालयात विज्ञान शिकत असताना वर्तमानपत्रातली जाहिरात वाचून त्यांनी अर्ज केला आणि निवड झाली. आजोबांना ती बातमी सांगितली गेली तेव्हा त्यांनी एकच पृच्छा केली, की पेन्शन आहे ना. टायगर मॉथ आणि हार्वर्ड या शिकाऊ विमानांवरचा अभ्यास संपवून ते वाहतूक शाखेत रुजू झाले ते पन्नाशीच्या दशकाच्या उंबरठ्यावर. आणि त्यांना डकोटा शिकवणारे सगळे पूंछ आणि लेहच्या वाटेवर तयार झालेले लोक होते. त्या गुरुपरंपरेचा अण्णांना विलक्षण अभिमान होता. मात्र ती परंपरा धाडसाची आहे असे ते कधी म्हणत नसत. ती हिशेबाची आहे असे म्हणत. मला स्वतःला हे समजायला बरीच वर्षे लागली, आणि आज येथे प्रामुख्याने हेच सांगायचे आहे.

आसामातील जोरहाटच्या तळावर त्यांची पहिली मोठी तैनाती झाली. तेव्हा आजच्या अरुणाचल प्रदेशाला नेफा म्हणत. वालाँग, मेचुका, तुतिंग अशा सीमेवरच्या ठाण्यांवर आसाम रायफल्सचे जवान आणि मुलकी अंमलदार राहात, आणि तेथवर मोटारीचा रस्ता नव्हता. पायवाटेने हमालांच्या पाठीवर माल पोहोचायला आठवडेच्या आठवडे लागत, आणि हमाल स्वतःच वाटेत किती खाणार हा प्रश्न उरे. म्हणून धान्य आकाशातून टाकावे लागे. ही क्रिया अण्णांनी मला इतक्या वेळा सांगितली आहे की मी ती पाहिल्यासारखी सांगू शकते. डकोटाचे डाव्या बाजूचे मागचे मोठे दार उड्डाणापूर्वीच काढून ठेवीत. त्या उघड्या दाराशी लष्कराच्या पुरवठा दलाचे जवान कमरेला पट्टा बांधून बसत, आणि त्यांच्या पुढ्यात पोत्यांची थप्पी लावलेली असे. तांदूळ एका पोत्यात घट्ट न भरता सैलसर भरून ते पोते दुसऱ्या, अधिक मोठ्या पोत्यात घालीत, म्हणजे आपटल्यावर आतले फाटले तरी बाहेरचे धान्य धरून ठेवी. काच, औषधे, रॉकेल यांना छत्री लावीत. धान्य आणि मीठ मात्र तसेच सोडून देत. खाली नदीकाठच्या तुकड्यावर पांढऱ्या कापडाच्या पट्ट्यांनी खूण केलेली दिसे आणि वाऱ्याची दिशा कळावी म्हणून ओल्या पाल्याचा धूर केलेला असे. विमान काहीशे फुटांवर आणून, वेग कमी करून, खुणेवर आले की वैमानिक घंटा वाजवी. घंटेबरोबर मागचे जवान पायांनी थप्पी लोटीत. थप्पी गेली की लगेच दुसरी घंटा, कारण क्षणभर उशिरा गेलेले पोते नदीत पडे किंवा कोणाच्या झोपडीवर पडे. एका फेरीत मोजकीच पोती जात. मग पुन्हा वळसा, पुन्हा तीच खूण, पुन्हा घंटा. विमान रिकामे होईस्तोवर दहा-पंधरा वेळा हेच. दोन्ही बाजूंना डोंगर, वर ढग, आणि दाराशी बसलेल्या माणसांना थंडीने हात-पाय लाकडासारखे झालेले.

अशा दरीत विमान घालण्याचे काही नियम होते, आणि ते अण्णांच्या ओठांवर म्हणींप्रमाणे असत. दरीच्या मधोमध कधीही उडू नये. एका कडेला धरून उडावे, म्हणजे परत फिरायचे झाले तर वळायला दरीची सगळी रुंदी हाताशी राहते. दरी पुढे अरुंद होत जाते आणि तळ वर चढत जातो. माल भरलेला डकोटा त्या चढाच्या वेगाने चढू शकत नाही. म्हणून वळायचे की नाही याचा निर्णय वळता येईल अशा जागी असतानाच घ्यावा, कारण ती जागा मागे पडल्यावर घेतलेला निर्णय कितीही शहाणपणाचा असला तरी त्याचा उपयोग नाही. ढग पुढे आहे, पलीकडे मोकळे असेल, असे मनाला वाटू लागले की त्या वाटण्यावर विश्वास ठेवू नये. आणि खाली माणसे उपाशी आहेत, हे ठाऊक असणे हे पुढे जाण्याचे कारण होऊ शकत नाही. कारण विमान डोंगरात गेले तर ती माणसे उपाशीच राहतात आणि उद्याचे विमानही कमी होते. हा शेवटचा नियम सगळ्यांत कठीण. वालाँगच्या ठाण्यावरून बिनतारी संदेश आलेला असे की तीन दिवसांचेच धान्य शिल्लक आहे, आणि तो संदेश खिशात असताना अर्ध्या वाटेवरून भरलेले विमान घेऊन परत यायचे, यासाठी लागणारे मनोबळ हे शौर्याहून वेगळे आहे असे मला वाटत नाही.

त्यांच्या उड्डाणांची रोजकीर्द, वायुदलात जिला लॉगबुक म्हणतात ती, माझ्यापाशी आहे. जाड पुठ्ठ्याच्या, कापडी बांधणीच्या त्या वह्यांत प्रत्येक उड्डाणाची तारीख, विमानाची जात आणि क्रमांक, मुख्य वैमानिक, सहवैमानिक, कामगिरी आणि तास-मिनिटे अशी घरे आखलेली आहेत. दिवसाचे तास निळ्या शाईत, रात्रीचे तांबड्या शाईत. आणि महिनाअखेरीस बेरीज करून खाली वरिष्ठांची सही. कामगिरीच्या घरात ठिकठिकाणी इंग्रजीतली चार आद्याक्षरे येतात, डी. एन. सी. ओ. ‘ड्यूटी नॉट कॅरिड आउट’, म्हणजे नेमून दिलेले काम पार पडले नाही. त्यापुढे हवामान असा एका शब्दाचा खुलासा, आणि त्यापुढे तास: दोन तास दहा मिनिटे, एक तास पन्नास मिनिटे. ज्या ऋतूत नेफाच्या डोंगरांवर पाऊस चढतो त्या महिन्यांच्या पानांवर या नोंदी फार आहेत. मला त्या वह्यांतले सर्वांत महत्त्वाचे असे काही असेल तर ते हेच वाटते. सरकारी दप्तरात अयशस्वी कामाची नोंद माणूस अस्पष्ट अक्षरात करतो, किंवा शब्दांच्या आडोशाला करतो. अण्णांनी त्या चार अक्षरांची नोंद बाकीच्या नोंदींइतक्याच वळणदार, ठाशीव अक्षरात केली आहे. आणि ज्या सेवेने त्या नोंदीसाठी एक ठरलेली संज्ञा निर्माण केली, तिचे तास यशस्वी उड्डाणांच्या तासांत मिळवून बेरीज केली आणि त्याखाली वरिष्ठाने विनातक्रार सही केली, त्या सेवेचे शहाणपणही मला मोठे वाटते. आपल्या शाळा, आपल्या कचेऱ्या, आपली घरे यांत अशी नोंद करायला घर नसते.

पुढे ते पॅकेट या अधिक मोठ्या, दोन शेपटांच्या विमानावर गेले आणि लडाखच्या वाटेला लागले. लेहचा विमानतळ १०,६०० फुटांहून उंच आहे. तेथे हवेची घनता समुद्रसपाटीच्या मानाने सुमारे ७० टक्केच उरते. त्यामुळे एंजिनाची शक्ती घटते, पंखांना उचल मिळावी म्हणून विमानाला अधिक वेगाने धावावे लागते, आणि तोच वेग उतरताना आवरायला धावपट्टी कमी पडते. धावपट्टीला उतार असल्याने एकाच बाजूने उतरायचे आणि दुसऱ्या बाजूने उडायचे. दुपार चढली की सिंधूच्या खोऱ्यात वारा सुटतो. म्हणून सगळी ये-जा सकाळीच आटोपायची, आणि उतरल्यावर एंजिने थंडीने गारठू नयेत म्हणून ती चालू ठेवूनच माल उतरवायचा. पॅकेटच्या पाठीवर एक लहानसे जेट एंजिन बसवून त्याची शक्ती वाढवण्याची युक्ती आपल्या वायुदलाने केली, आणि तिच्याच बळावर २३ जुलै १९६२ रोजी स्क्वॉड्रन लीडर सी. के. एस. राजे यांनी काराकोरमच्या पायथ्याशी दौलत बेग ओल्डी येथे, सोळा हजार फुटांहून अधिक उंचीवर, पॅकेट उतरवले. त्या काळी एवढ्या उंचीवर असे विमान जगात कोठे उतरलेले नव्हते. तीन महिन्यांनी चीनशी युद्ध पेटले; अँटोनोव्ह विमानांनी चक्क रणगाडे उचलून चुशूलला नेले; आणि अण्णांच्या रोजकीर्दीत त्या ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या पानांवर एकही कोरी ओळ नाही. त्या दिवसांविषयी ते फारसे बोलत नसत. येताना विमानात कोण असे, हे मी एकदा विचारले होते. ‘पाय गमावलेले,’ एवढेच ते म्हणाले. हिमदंशाने.

आता मी ज्या प्रसंगाकडे येते आहे तो सांगणे मला सोपे नाही. १९६८ साली अण्णा चंडीगडला होते, कचेरीतल्या कामावर. ७ फेब्रुवारीला सकाळी तेथून एक अँटोनोव्ह-१२ विमान लेहकडे निघाले; आत वैमानिकवर्गासह १०२ माणसे होती, बहुतेक रजा संपवून पलटणीत परतणारे जवान. लेहजवळ हवामान बिघडलेले आढळल्यावर विमान परत फिरले, आणि रोहतांगच्या डोंगरांत त्याचा संपर्क तुटला. शोध झाला, बर्फ पडत राहिले, आणि काही सापडले नाही. त्या रात्रीपासून आमच्या वसाहतीतल्या कितीतरी घरांत दिवे विझले नाहीत. वैमानिकवर्गाच्या कुटुंबांना भेटून माहिती देण्याचे काम ज्यांच्याकडे होते त्यांत अण्णा होते. त्या घरांतल्या मुलांबरोबर मी खेळत असे. आपले बाबा हरवले आहेत, मेले आहेत असे नव्हे, हे वाक्य मी पहिल्यांदा त्या मुलांच्या तोंडून ऐकले. आणि हरवलेल्या माणसाचे तेरावे कधी करावे हा प्रश्न त्या मुलांच्या आजीने अण्णांना विचारला तो माझ्या समोर.

पुढे वसाहतीत चर्चा होऊ लागल्या, तशा त्या सर्वत्र होतात. परत फिरायला नको होते, लेहला प्रयत्न करून पाहायचा होता, आणखी काय काय. एका संध्याकाळी आमच्याकडे चहाला आलेल्या एका गृहस्थांनी असे काही म्हटले तेव्हा अण्णांनी हातातली बशी खाली ठेवली आणि, आवाज जरासुद्धा न चढवता, सांगितले की समोर लेह दिसत नसेल तर परत फिरणे हाच निर्णय बरोबर आहे, तो त्या मुलांनी बरोबर घेतला, आणि निर्णय बरोबर घेणारा माणूसही मरतो. या दोन गोष्टी एकमेकींत मिसळू नयेत. ते गृहस्थ गेल्यावरही ते बराच वेळ तसेच बसून होते. योग्य वागल्याचे फळ योग्यच मिळते अशी आपली जी समजूत असते, ती त्यांना मान्य नव्हती. आणि तरीही योग्य वागण्याविषयी त्यांची श्रद्धा अढळ होती. या दोहोंच्या मध्ये जो माणूस उभा राहू शकतो, त्याच्याविषयी मुलगी म्हणूनच नव्हे, तर इतिहासाची अध्यापिका म्हणूनही मला नितांत आदर वाटतो.

विंग कमांडरच्या हुद्द्यावरून निवृत्त होऊन ते या गावी परतले, आणि उर्वरित आयुष्य येथेच घालवले. श्रोत्यांपैकी अनेकांनी त्यांना पाहिले आहे. संध्याकाळी वाचनालयाच्या हिशेबाची वही घेऊन खिडकीजवळच्या मेजाशी बसणारे, उंच, किंचित वाकलेले, ऐकू कमी येणारे गृहस्थ. पिस्टन एंजिनांच्या घरघरीने त्या पिढीतल्या पुष्कळ वैमानिकांचे कान गेले. त्यांनी वाचनालयाचा जमाखर्च ज्या शिस्तीने ठेवला तिच्याविषयी अध्यक्षांनी आत्ताच सांगितले, त्यात मी भर घालीत नाही.

वडील म्हणून ते कसे होते, हे मला येथे सांगितलेच पाहिजे. घरात ते अतिशय सौम्य होते. बदल्यांच्या नोकरीत आमच्या शाळा बदलल्या, भाषा बदलल्या. आई काळ्या पत्र्याच्या ट्रंका भरीत आणि उलगडीत राहिली, आणि या संसाराचा खरा भार तिने वाहिला, हे अण्णा स्वतः चारचौघांत सांगत. परंतु एका प्रसंगाने ते मला जसे कळले तसे दुसऱ्या कशानेच नाही. माझे लग्न ठरले होते. पत्रिका छापून झाल्या होत्या, कोल्हापूरच्या त्या मंडळींनी कार्यालयाचे पैसे भरले होते, आणि मला रात्रंदिवस जाणवू लागले की हे लग्न मी करू नये. मुलगा सज्जन होता. दोष कोणाचाच नव्हता. त्या काळी ही गोष्ट वडिलांपुढे बोलणे किती अवघड होते हे येथील वडीलधाऱ्या स्त्रियांना सांगायला नको. मी एका पहाटे ते दाढी करीत असताना दाराशी उभी राहून ती बोलले.

त्यांनी आरशातूनच माझ्याकडे पाहिले. ‘पक्कं आहे?’

‘हो, अण्णा.’

‘कारण नंतर सावकाश सांग. नाही सांगितलंस तरी चालेल. आधी त्यांना कळायला हवं, आणि आजच कळायला हवं. उद्यावर टाकलं तर त्यांचा खर्च वाढेल आणि मानहानीही वाढेल.’

उरलेली अर्धी दाढी त्यांनी नेहमीच्याच सावकाशीने केली, इस्त्रीचा सदरा घातला आणि सकाळच्या एस. टी.ने एकटे कोल्हापूरला गेले. तेथे काय घडले ते मला पुष्कळ वर्षांनी त्या घरातल्याच एका वडील बाईंकडून कळले. अण्णांनी ओट्यावर उभे राहूनच सांगितले होते की निर्णय आमच्या घराचा आहे, तुमच्या मुलात तिळमात्र उणे नाही, झालेला सर्व खर्च मी देणे लागतो, आणि तुम्ही जे बोलाल ते ऐकून घ्यायला मी आलो आहे. ती मंडळी बोलली, आणि अण्णांनी ऐकून घेतले. रात्री ते परतले तेव्हा आई रडत होती. नातेवाइकांत काय तोंड दाखवायचे म्हणत होती. अण्णांनी तिला पाणी आणून दिले, मला जेवलीस का विचारले, आणि त्या विषयावर पुन्हा कधीही, हसण्यावारीसुद्धा, एक अक्षर काढले नाही. माझ्या भावाची वायुदलाच्या वैमानिक चाचणीत निवड झाली नाही, आणि ती चाचणी आयुष्यात एकदाच देता येत असे, तेव्हाही ते असेच वागले होते. पोती भरलेले विमान परत आणल्यावर तळावर कोणी जाब विचारीत नाही, नुसते हवामान विचारतात. घरात त्यांनी तोच शिरस्ता लावला होता. आम्हां भावंडांना त्यांच्यापाशी खोटे बोलावे लागले नाही, याचे श्रेय आमच्या सद्गुणांना मुळीच नाही.

२००३ साली लाहौलच्या भागात, ढाका हिमनदीवर, गिर्यारोहकांच्या एका पथकाला त्या हरवलेल्या अँटोनोव्हचे आणि एका जवानाच्या देहाचे अवशेष सापडले. पस्तीस वर्षे झाली होती. अण्णा तेव्हा शहात्तर वर्षांचे होते. बातमी वाचून त्यांनी कपाटातला जुना नकाशा काढला, मेजावर पसरला आणि लेहपासून बोटाने वाट काढीत ते त्या हिमनदीपर्यंत आले. मग त्यांनी चंडीगडच्या त्या घरातील मुलाला, जो आता स्वतः आजोबा होण्याच्या वयाला आला होता, एक पत्र लिहिले. त्यात सांत्वन असे काहीच नव्हते. विमान कोठे सापडले, ती जागा परतीच्या वाटेवर कशी येते, आणि म्हणून तुझे वडील घराकडेच येत होते, एवढेच त्यांनी आकृती काढून दाखवले होते. त्या मुलाने ते पत्र चौकटीत लावले आहे. अण्णा २००९ मध्ये गेले; त्यानंतरही ती हिमनदी आपल्याकडची माणसे थोडीथोडी परत देते आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये आणखी चार जवानांचे देह तेथे सापडले आणि छप्पन्न वर्षांनी त्यांच्या गावी अंत्यसंस्कार झाले.

जुनी विमाने जतन करण्याचे कार्य आता आपल्याकडे होऊ लागले आहे ही संतोषाची गोष्ट आहे. एअर कमोडोर एम. के. चंद्रशेखर हे अण्णांप्रमाणेच डकोटाचे वैमानिक. त्यांचे पुत्र राजीव चंद्रशेखर यांनी एक जुने डकोटा परदेशातून मिळवले, इंग्लंडात ते दुरुस्त करवून घेतले आणि वायुदलाला अर्पण केले. २०१८ मध्ये ते विमान स्वतःच्या पंखांनी उडत भारतात आले, त्याला परशुराम हे नाव दिले गेले, आणि २७ ऑक्टोबर १९४७ रोजी श्रीनगरला उतरलेल्या डकोटाचा व्ही. पी. ९०५ हा क्रमांक त्याच्या अंगावर रंगवला गेला. पुत्राने पित्याचे ऋण याहून सुंदर रीतीने फेडल्याचे मला ठाऊक नाही.

माझ्यापाशी विमान नाही, वह्या आहेत. पण त्या वह्यांतही एक उणीव आहे, आणि ती अण्णांना फार सलत असे. वैमानिकाच्या रोजकीर्दीत मुख्य वैमानिक आणि सहवैमानिक यांना घर आहे. मार्गदर्शक, बिनतारी यंत्रावरचा माणूस, एंजिने सांभाळणारा आणि उघड्या दाराशी थंडीत बसून पोती लोटणारे ते जवान, या सर्वांसाठी मिळून फक्त एक आकडा येतो. निवृत्तीनंतर अण्णांनी आठवतील ती नावे एका साध्या शाळकरी वहीत लिहून काढली होती. काहींपुढे गाव आहे, काहींपुढे नुसते पलटणीचे नाव, काहींपुढे ‘डावा हात, जोरहाट’ एवढेच. त्यांत आपल्या जिल्ह्यातली आणि शेजारच्या कोल्हापूर-सांगलीकडची बरीच आडनावे आहेत. आपल्या जिल्ह्यात घरटी नाही तरी दर आळीत एखादा सेवानिवृत्त सैनिक आहे. त्यांच्या ट्रंकांत रोजनिशा, बदलीचे हुकूम, पत्रे, गटाची छायाचित्रे निश्चित असतील, आणि घर बदलताना, वाटण्या होताना ती रद्दीत जातात. ती कागदपत्रे या वाचनालयात आणून द्यावीत, किंवा द्यायची नसतील तर त्यांची नक्कल करू द्यावी, अशी माझी विनंती आहे. ग्रंथपालांनी त्यासाठी स्वतंत्र नोंदवही घातली असून तिच्यात पहिली नावे अण्णांच्या वहीतली उतरवली आहेत; त्यांतल्या ज्यांच्यापुढे गाव लिहिलेले नाही, त्यांची गावे शोधण्यात मला आपले साहाय्य हवे आहे. व्याख्यान संपल्यावर ती वही बाहेरच्या मेजावर ठेवलेली असेल.